आईच्या दाताची कोर

दादा,

क्लिनिकमधल्या तुझ्या मशीनवर आपल्या मदतनीस बनवारीजींनी तुझाच पांढरा कोट पांघरलाय. "धूल ना बैठे, डॉक्टर दीदी," म्हणाले.  सध्या मी कुणालाच काही बोलत नाही. लोक येतात, सोफ्यावर बसतात, "इतनी कम उमर में" म्हणतात, पाणी पितात आणि जातात. मी ग्लास उचलून आत नेते. परवा मानसरोवर कॉलनीतल्या जुन्या शेजारच्या काकू मला मिठी मारून रडल्या. त्या रडत होत्या आणि मला त्यांची खालची दाढ दिसत होती. हिला कॅप लागणार, एवढंच माझ्या मनात आलं. तुझी शपथ, दुसरं काही आलं नाही.

आपण पेशंटला भूल देतो ना, तसं झालंय. ओठ जागेवर असतो, आरशात दिसतो, पण बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. तू प्रत्येकाला बजावायचास, "अभी कुछ मत खाना, गाल चबा लोगे और पता भी नहीं चलेगा." मी कुठे कुठे चावून ठेवलंय ते मला अजून माहीत नाही. उतरल्यावर कळेल.

रविवारी सकाळी कचोऱ्या आणतो म्हणून गेलास. दुकानासमोर स्कूटर नीट स्टँडवर लावलीस, पायरीवर टेकलास, आणि टेकलास तो टेकलासच. हे मला दुकानदाराने सांगितलं. त्याने बांधून ठेवलेली पिशवीही माझ्या हातात दिली. त्या पिशवीचं पुढे मी काय केलं, कितीही आठवलं तरी आठवत नाही.

आदल्या दिवशी, शनिवारी, आपण भांडलो होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं? आपण रोजच भांडायचो. एका क्लिनिकमध्ये भाऊ-बहीण दोघं दातांचे डॉक्टर म्हटल्यावर दुसरं काय होणार! पण त्या दिवशीचं भांडण आईच्या दातावरून होतं, आणि ते अर्धं राहिलं. जाताना तू हेल्मेट घालत म्हणालास, "छोटी, सोमवारी भांडू. आज भूक लागलीय." सोमवार आला. त्यानंतरही येत राहिले. मी क्लिनिकचं कुलूप काढते आणि पहिल्यांदा तुझ्या खोलीकडे बघते, की आता हा सुरू करेल.

दात कुठला, ते तुला सांगायला नको. वरचा, समोरचा, डावा. त्याची आतली कोर तू तोडलीस. सांगलीला असताना, बाबांची जयपूरला बदली होण्याच्या कितीतरी आधी. मी जन्मलेही नव्हते. तू आईच्या मांडीवर बसला होतास, कशावर तरी खदखदून हसलास आणि डोकं मागे टाकलंस ते थेट तिच्या तोंडावर. आई सांगते, दाताचा तुकडा पदरात पडला आणि तिच्या ओठाचं रक्त बघून तूच भोकाड पसरलंस. तिने स्वतःचं तोंड धुवायचं सोडून आधी तुला उगी केलं.

तेव्हापासून त्या फटीतून हवा जायची आणि आईच्या प्रत्येक 'स'ला एक बारीक शिट्टी यायची. साखर, सासूबाई, सोसायटी. आणि सगळ्यात मोठी शिट्टी तुझ्या नावाला, कारण त्यात मेले दोन दोन 'स'! संध्याकाळी आई गच्चीत उभी राहून "सुहाऽस" अशी हाक मारायची, तेव्हा मैदानावरची सगळी पोरं आधी शिट्टी वाजवायची आणि मग हसायची. तू लाल व्हायचास. पण कितीही लांब असलास, कितीही रंगात आलेली मॅच असली, तरी तुझी "ओऽऽ" यायचीच. तू एकदा मला म्हणाला होतास, "हजार बायका ओरडल्या ना, तरी मला आपली कळते." मग लगेच म्हणालास, "मोठा झालो की मी तो दात भरून देणार."

मोठा झालास, डॉक्टर झालास, पण आई काही हात लावू देईना. "मला मेलीला काय सिनेमात काम करायचंय? आहे तो बरा आहे की." महिला मंडळातल्या बायका तिला चिडवायच्या, मुलगा डेंटिस्ट, मुलगी डेंटिस्ट आणि आईचा दात तुटका. दिव्याखाली अंधार. आई हसायची, आणि हसताना तो दिसायचा.

मशीन आणलंस तेव्हाची तुझी मिजास आठवतेय मला. आपल्या सबंध सोडाला भागात असं कुणाकडे नव्हतं. तोंडात मातीसारखी पेस्ट कोंबून माप घ्यायचं नाही, ते लॅबला पाठवून वाट बघायची नाही. दातावर पांढरी पावडर फवारायची, छोटा कॅमेरा धरायचा, आणि दात पडद्यावर येतो. तिथेच कॉम्प्युटरवर त्याला आकार द्यायचा. मग मशीनच्या पोटात चिनी मातीसारखा एक पांढरा ठोकळा बसवायचा आणि पाण्याच्या फवाऱ्यात दोन हिऱ्याच्या सुया तो ठोकळा कोरत सुटतात. पेशंट चहा पिऊन येईपर्यंत कॅप तयार! वहिनी मशीनला सवत म्हणायची. मी तर त्याचं नावच घेत नव्हते. मी आयुष्यभर मेणाचे दात हाताने कोरलेले, मला हे 'बटण दाब आणि दात घे' म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं वाटायचं. तू मला कुंभारीण म्हणायचास. म्हणायचास, "तू चाक फिरवत बस, मी कारखाना टाकलाय."

आणि पहिल्याच आठवड्यात कारखाना बंद! चार डॉक्टर मित्रांना दाखवायला बोलावलंस, जिलेबी मागवलीस, आणि मशीन अर्धा दात कोरून थांबलं. तू त्यात नळाचं पाणी भरलं होतंस. फवाऱ्याच्या भोकांत पांढरा थर बसला होता. इंजिनिअर दिल्लीहून येणार होता, तोवर तू सगळ्यांवर खेकसत होतास. आई तेवढ्यात डबा घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, इथल्या पाण्यात इतक्या वर्षांत माझी तुरीची डाळ कधी धड शिजली नाही, तिथे तुझं मशीन काय शिजणार?" मी इतकी हसले की मला बाहेर जावं लागलं. त्यानंतर तू मशीनला विकतचं पाणी पाजायला लागलास आणि आम्हाला नळाचं.

खंडेनवमीला तर कहर. आपण बाबांच्या वेळेपासून हत्यारं पुजतो, पक्कड, आरसा, माझी मेणाची सुरी. तू ट्रॉली ओढत मशीन मध्यभागी आणलंस. मी म्हटलं, हे हत्यार नाही, हा टीव्ही आहे. तू म्हणालास, "हेच आता हत्यार. तुझी सुरी कोपऱ्यात ठेव, पूजेचं खोबरं कापायला." आईने दोघांचे कान धरले आणि मशीनच्या झाकणावर सगळी बोटं ओढून हळदकुंकू लावलं. कुंकू प्लास्टिकमध्ये मुरलं. तू स्पिरिट लावून पुसलंस तरी गेलं नाही.

पण खरं सांगू? मशीनचं वेड मला तूच लावलंस. कॅमेरा धरायला तू शिकवलंस. माझा हात हलायचा आणि पडद्यावरचा दात धूसर यायचा. तू मागे उभा राहून म्हणायचास, "श्वास धर. हात नाही हलत, श्वास हलतो." मग मी श्वास धरायची, तूही धरायचास, आणि खुर्चीतला पेशंट घाबरून आपला श्वास धरायचा. फोटो निघाला की तिघं एकदम श्वास सोडायचो. बनवारीजी म्हणायचे, इतनी शांती तो मंदिर में भी ना होवे.

भांडण खरं मशीनचं नव्हतंच. दात कसा असावा, याचं होतं. तुला दात बिनडागी हवा, रेघेत हवा, मतलब जसा असायला हवा तसा. मला तो शेजारच्या दातांसारखा हवा. बस्सी गावची ती मुलगी आठव, जिचं लग्न तोंडावर आलं होतं. तिकडच्या पाण्यामुळे सगळ्या दातांवर तपकिरी ठिपके, आणि त्यात समोरचा एक मोडलेला. तू मशीनवर झकास पांढरा दात काढलास. तो तिच्या तोंडात असा दिसायचा की जणू पाहुणा आलाय. मी तो काढून घेतला, ब्रशने त्याच्यावर बारीक ठिपके रंगवले आणि भट्टीत घातला. तू मला काय काय बोललास! डॉक्टर आहेस की डाग लावणारी, म्हणालास. मग तिची आई आली, मुलीच्या तोंडात बराच वेळ बघत राहिली आणि बोट ठेवलं ते भलत्याच दातावर, नवा हाच का म्हणून. "यो है के नयो?" तू हात जोडलेस माझ्यापुढे. "मान गए, कुंभारीणबाई."

गेल्या हिवाळ्यात आईचा तो दात काळा पडला. आतली नस मेली होती. रूट कॅनाल केलंस, आणि आता कॅप घालणं भागच होतं. तुझा चेहरा असा फुलला होता, जसा काही तुझा पुरस्कार जाहीर झालाय. आधी तू तुटक्या दाताचाच फोटो घेऊन ठेवलास, मग कॅपसाठी दात घासून बारीक केलास, मग पुन्हा फोटो घेतलास, आणि जुन्याच तुटक्या आकाराची तात्पुरती प्लास्टिकची टोपी बसवून आईला घरी पाठवलंस. त्या शनिवारी दुपारी तू मला हाक मारलीस. पडद्यावर दात होता. पूर्ण. दोन्ही कोपरे शाबूत.

मी म्हटलं, "हा आईचा नाही."

"आईचाच आहे. लायब्ररीतला नाही घेतला मी. तिचाच उजवा दात आरशातल्यासारखा उलटा करून डावीकडे आणलाय. बघ ना नीट."

"तुझ्याकडे जुन्या दाताचा फोटो आहे. मशीन त्याची हुबेहूब नक्कल करू शकतं. कोर तशीच ठेव. थोडीशी तरी."

"म्हणजे आतापर्यंत तुटका होता तो अपघात होता, आता मी लाखांच्या मशीनवर मुद्दाम तुटका दात बनवू? लोक शेण घालतील तोंडात माझ्या."

"लोकांच्या तोंडात बसवायचाय का? आईचं म्हणणं विचारलंस?"

"ती काय, 'मला माझंच तोंड हवं' म्हणते."

"मग?"

तू खुर्ची माझ्याकडे फिरवलीस. चिडला नव्हतास. म्हणालास, "छोटी, मी तोडलाय तो. तू नाही तोडलास." आणि मी, मला काय बुद्धी झाली, मी म्हटलं, "म्हणूनच तर ठेव म्हणते." त्यावर तू काहीतरी बोलणार होतास. तोंड उघडलं होतंस. मग हेल्मेट उचललंस आणि ते सोमवारचं बोललास. काय बोलणार होतास, याचा मी किती विचार केला असेल. मला काहीच सुचत नाही. तुझ्या वतीने भांडायला गेलं की मी नेहमी जिंकते, आणि मग ते खोटं वाटतं.

तू गेल्यावर आई जेवत नव्हती. म्हणजे ताटावर बसायची, भात कालवायची आणि उठायची. वहिनीने मुलांना हवापालट म्हणून चार दिवस सोलापूरला, तिच्या माहेरी नेलं, म्हणून मी आईला माझ्याकडे आणलं. त्या दुपारी मी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी केली. आईने पहिल्यांदा नीट घास घेतला. दुसराही घेतला. आणि तात्पुरती टोपी कटकन फुटली.

तिने तुकडा हातात घेतला, बघितला, ताटाच्या कडेला ठेवला. "जाऊ दे," म्हणाली. "आता कोण बसवणार?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तू आहेस गं," म्हणाली, आणि ताट बाजूला सारलं.

आता माझ्यापुढे हे होतं, दादा. मशीनमध्ये तुझा दात तयार होता, फक्त बटण दाबायचं बाकी. तो कोरला, तर आईच्या तोंडात तुझी जी एक खूण होती ती मी माझ्या हाताने मिटवणार. आणि जुन्याची नक्कल घेतली, कोर ठेवली, तर तू शेवटचं जे काम केलंस ते मी पुसणार, आणि तेही तू भांडायला नसताना. इतके दिवस तुझ्याशी भांडायला मजा यायची, कारण तू ऐकायचा नाहीस. आता तू सगळंच ऐकून घेशील. माझं ते भांडण्याचं बळच गेलं.

मी आईलाच विचारलं. दोन्ही समजावून सांगितलं, अगदी पेशंटला सांगते तसं, सुक्या आवाजात. माझी खात्री होती की ती कोर ठेव म्हणेल. आईने ताटाच्या कडेचा तुकडा उचलून तळहातावर ठेवला. मग म्हणाली, "इतकुसा होता. माझं रक्त बघून ऊर फुटेस्तोवर रडला होता. तेव्हापासून भरून देतो, भरून देतो करत होता. भरू दे त्याला."

क्लिनिकवर बनवारीजींनी मशीनवरचा कोट काढून त्याची घडी घातली. मी मशीन सुरू केलं. पेशंटच्या नावाच्या जागी तू 'आईसाहेब' असं टाइप करून ठेवलं होतंस. कुठली रुबाबाची पेशंट आणली होतीस तू! दात पडद्यावर तसाच होता. मी काहीही हलवलं नाही. ठोकळा बसवला, झाकण लावलं. झाकणावर कुंकवाची बोटं होती. आई खुर्चीत बसून ती बघत होती, म्हणून मी उगाच जाऊन मध्ये उभी राहिले. सुया कोरायला लागल्या. किर्रर्र आवाज, पाण्याचा फवारा. तू असतास तर या वेळात चहा मागवला असतास. बनवारीजींनी न सांगता चहा आणला, आणि सवयीने तीन कप आणले. तिसरा कुणी उचलला नाही, कुणी परतही नेला नाही.

दात बाहेर आला, मी पॉलिश केला, आईच्या तोंडात धरून बघितला. मुद्दाम चूक शोधत होते मी, सांगून टाकते. एवढीशी जरी फट निघाली असती तर तुला शिव्या घालता आल्या असत्या. चावा कुठे बसतो ते बघायला निळा कागद चावायला दिला. डाग जिथे पडायला हवा तिथेच पडला. कुठेही घासावं लागलं नाही. हिरडीपाशी नख लावलं तरी अडलं नाही. आणि दिसायला, दादा, पाहुणा नव्हता तो. तिचाच होता. वाद तू जिंकलास. लेखी देते. ये आता, मिरव.

मी तो पक्का चिकटवला. वाळेपर्यंत बोट दाबून धरलं. आईचे डोळे मिटलेले होते आणि ती नाकाने श्वास घेत होती. माझ्या लक्षात आलं, मी माझा धरून ठेवलाय.

मग बोलून बघायचं राहिलं. समोरचा दात बसवला की तू पेशंटकडून तुझी ती ओळ म्हणून घ्यायचास, 'स' नीट येतो का बघायला. "बोलिए, सांगानेर से सोडाला, सात सवारी." म्हातारे, पोरं, ठाकूरसाहेब, सगळे खुर्चीत ताठ बसून ही ओळ म्हणायचे आणि हसायचे. माझ्या तोंडून ती निघेना. मी नुसतं म्हटलं, "आई, काहीतरी बोल. 'स'चं बोल काहीतरी."

आईने जिभेचं टोक त्या कोपऱ्यावर नेलं. इतकी वर्षं ती जीभ तिथे जाऊन बसत होती. या वेळी तिला तिथे जागा सापडली नाही. पुन्हा नेली. मग तिने दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "सुहास."

स्वच्छ. रेडिओवरच्या बाईसारखं.

आईने दचकून तोंडावर हात ठेवला. माझ्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. बनवारीजी कोट छातीशी धरून उभे होते. आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो.

दादा, एवढ्या वर्षांत आईने तुझं नाव पहिल्यांदाच शिट्टीशिवाय घेतलं, आणि तू ओ दिली नाहीस.